हिवाळ्यानंतर रायडिंग मोअर सुरू होतो पण टिकत नाही: बिघाड शोधायचा कसा

पाडवा होऊन जातो, शेवटचा बर्फ वितळतो आणि न्यू जर्सीपासून मिशिगनपर्यंत अंगणातलं गवत एकदम उसळी घेतं. त्याच सुमारास दर वर्षी ही तक्रार येते. नोव्हेंबरात धडधाकट असलेला मोअर (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) किल्ली फिरवल्यावर सुरू होतो, चार-पाच सेकंद चालतो, गचके खातो आणि बंद पडतो. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मग स्पार्क प्लग बदलला जातो, मग बॅटरी, मग ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला कार्ब्युरेटर. एवढं करून इंजिन बंद पडायचं ते पडतंच.

सुटे भाग मागवण्याआधी एकच गोष्ट नीट पाहा: इंजिन नेमकं कधी बंद पडतं. जे इंजिन पाच सेकंद का होईना चालतं, त्यात ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे आणि स्टार्टरही ठीक आहे. म्हणजे निम्मी शंका तिथेच मिटली. उरलेली निम्मी बंद पडण्याच्या वेळेवरून मिटते.

किल्ली सोडताक्षणी बंद पडलं, तर किल्लीचा स्विच किंवा वायरिंग. तीन ते दहा सेकंदांनी पडलं, तर कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचत नाही. चोक ओढून ठेवल्यावर चालतं आणि चोक काढला की पडतं, तर जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल जाऊ देणारा बारीक भोकाचा तुकडा) चोंदलेला आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. दहा-वीस मिनिटं छान चालून पडलं, तर टाकीचं झाकण, उष्णता किंवा ठिणगी पुरवणारी कॉइल. आणि ब्रेकवरून पाय काढल्यावर, पातं जोडल्यावर किंवा रिव्हर्स टाकल्यावर पडलं, तर सेफ्टी स्विच. यातली आपली वेळ कोणती ते ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

पहिली किल्ली फिरवण्याआधी

ऑइलची काडी काढून पाहा, आणि तिचा वासही घ्या. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्ब्युरेटरमधली फ्लोटची नीडल (पुरेसं पेट्रोल आलं की वाट बंद करणारी टोकदार पिन) नीट बसत नाहीये आणि टाकीतलं पेट्रोल हिवाळाभर झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या भागात, उतरलं आहे. टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंच असलेल्या मोअरमध्ये हे जास्त होतं. असं ऑइल पातळ झालेलं असतं, ते बेअरिंगला वाचवत नाही. इंजिन अजिबात फिरवू नका. ऑइल आणि फिल्टर बदला, नीडल दुरुस्त करा, मगच पुढे.

दुसरं म्हणजे उंदीर. एअर फिल्टरचं झाकण उघडा, फ्लायव्हीलवरच्या (इंजिनाच्या जड फिरत्या चाकावरच्या) जाळीतून टॉर्च मारा. सिलिंडरच्या पंख्यांवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) कापूस, पानं, वाळलेलं गवत यांचं घरटं सापडणं अगदी नेहमीचं आहे, विशेषतः त्याच गॅरेजमध्ये गवताच्या बियांची किंवा पक्ष्यांच्या दाण्यांची पिशवी ठेवली असेल तर. ते कोरडंच झाडून किंवा व्हॅक्यूमने ओढून काढू नका. उत्तर अमेरिकेतल्या डिअर माऊसच्या लेंड्यांतून हंता विषाणू पसरू शकतो. रबरी हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण फवारा, पाच मिनिटं भिजू द्या आणि मग कागदाने उचलून पिशवीत बांधून टाका. घरटं निघाल्यावर आजूबाजूच्या वायरी कुरतडलेल्या आहेत का तेही तिथल्या तिथे बघून घ्या.

आणि मोअर ढकलून बाहेर काढा. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत इंजिन चालवणं पुरेसं नाही, कार्बन मोनॉक्साइड साचतोच.

जुनं पेट्रोल हाच पहिला संशयित

अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इंजिन बनवणाऱ्या कंपन्या साधारण तीस दिवसांपेक्षा जुनं पेट्रोल वापरू नका असं सांगतात, आणि आपण ते पाच महिने टाकीत ठेवतो. एवढ्या काळात दोन गोष्टी होतात. हलके घटक उडून जातात आणि मागे काकवीसारखा चिकट थर उरतो, तो नेमका कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत बसतो. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. साधारण १५ अंश सेल्सिअसला अशा पेट्रोलमध्ये अर्धा टक्का पाणी मुरून राहतं. दोन गॅलनच्या भरल्या टाकीत ते जेमतेम ३८ मिलीलिटर, म्हणजे अडीच टेबलस्पून. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच निघते.

तपासायला पैसे लागत नाहीत. टाकीच्या तळातलं कपभर पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत काढा आणि दहा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला किंवा सगळंच गढूळ दिसलं, तर टाकी पूर्ण रिकामी करा. पिवळसर झालेलं आणि वॉर्निशसारखा आंबूस वास येणारं पेट्रोलही काढूनच टाका. त्यात नवीन ओतून ‘पातळ’ करण्याचा मोह टाळा. तळातलं पाणी त्याने जात नाही. काढलेलं पेट्रोल ड्राइव्हवेवर किंवा गटारात ओतू नका, काउंटीच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशी द्या. नवीन भरताना ८७ ऑक्टेन पुरे. पंपावर ई१५ लिहिलेलं असेल तर ते घेऊ नका: पंधरा टक्के इथेनॉलचं पेट्रोल २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींसाठी मान्य आहे, मोअरच्या इंजिनांसाठी नाही.

टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरल्यावरही इंजिन पाच सेकंदांत पडत असेल, तर पुढची चाचणी करा. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात कार्ब क्लीनरचा एक-दोन सेकंदांचा फवारा मारा आणि किल्ली फिरवा. इंजिन दोन-तीन सेकंद जोरात चाललं आणि फवारा संपताच पडलं, की प्रश्न पेट्रोलच्या वाटेवरच आहे हे पक्कं. ईथरचा स्टार्टिंग फ्लुइड यासाठी वापरू नका. तो सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतो आणि लहान इंजिनाला उगाच हादरा देतो.

टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत

कार्ब्युरेटरला येणारी नळी काढून तिचं टोक बरणीत सोडा. टाकी वर असेल तर पेट्रोल सलग धारेने आलं पाहिजे. टाकी सीटखाली, कार्ब्युरेटरपेक्षा खाली असेल तर मधे पंप असतो. तिथे स्टार्टर फिरवल्यावर ठोक्याठोक्याने पिचकाऱ्या आल्या पाहिजेत. (हे करताना प्लगची टोपी काढून इंजिनाच्या उघड्या धातूला नीट जोडा, म्हणजे ठिणगी उडणार नाही.) धार बारीक असेल तर मागे मागे जा: आधी फिल्टर, मग बंद-चालूची तोटी, मग टाकीचं तोंड. फिल्टरवरचा बाण कार्ब्युरेटरकडे असतो. इनलाइन फिल्टर दर वसंतात बदलावा, वाद नको. पंपवाल्या आणि पंप नसलेल्या इंजिनांचे फिल्टर वेगळे असतात; पंपासाठीचा दाट जाळीचा फिल्टर नुसत्या उतारावर चालणाऱ्या इंजिनाला लावला तर नवा फिल्टर घालूनही धार बारीकच राहते.

नळीकडे लोक दुर्लक्ष करतात. बाहेरून गुळगुळीत दिसणारी नळी इथेनॉलने आतून सोललेली असते, आणि आतला तो पापुद्रा झडपेसारखा उघडझाप करतो. दाबून पाहा. ठिसूळ किंवा फारच मऊ लागली तर बदला. बहुतेक मोअरना पाव इंच आतल्या व्यासाची नळी लागते. पंपाला क्रँककेसमधून येणारी दुसरी एक नळी असते. पंप तिच्यातल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो, तिला तडा गेला की धडधाकट पंपही निकामी ठरतो.

सोलेनॉइड

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन आणि कोहलरच्या पुष्कळ इंजिनांत कार्ब्युरेटरच्या बाऊलखाली (पेट्रोल साठणाऱ्या वाटीखाली) बोटभर लांबीचा, वायर जोडलेला एक तुकडा असतो. किल्ली चालू केली की त्याचा दांडा आत ओढला जातो आणि मुख्य जेट मोकळा होतो. किल्ली बंद केली की दांडा बाहेर येऊन जेट बंद करतो, म्हणजे इंजिन थांबताना सायलेन्सरमध्ये फटाका वाजत नाही. हिवाळाभर चिकट थरात बसून हा दांडा अडकतो. मग इंजिन चोकवर कसंबसं सुरू होतं आणि लगेच उपाशी पडतं.

शांत जागी, इंजिन न फिरवता, किल्ली ‘रन’वर न्या. बाऊलपाशी स्पष्ट टक् असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर मल्टीमीटरने त्या वायरवर १२ व्होल्ट येतात का बघा. व्होल्ट येतात आणि आवाज नाही, तर सोलेनॉइड काढा, दांडा कार्ब क्लीनरने पुसा आणि थेट बॅटरीला लावून पाहा. हे मात्र पेट्रोलपासून लांब, दुसऱ्या टेबलावर. एकच वायर असेल तर दुसरं टोक म्हणजे सोलेनॉइडचं धातूचं अंग. तरीही दांडा आत जात नसेल तर नवीन घ्या. व्होल्ट येतच नसतील तर सोलेनॉइडला दोष देऊ नका. स्टार्टवर व्होल्ट येतात आणि रनवर जातात, असं दिसलं तर किल्लीचा स्विच खराब आहे. किल्ली सोडताक्षणी इंजिन पडण्याचं हे नेहमीचं कारण. दांड्याचं टोक कापून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तसं केल्यास मोअर चालेल, पण बंद करताना रोज सायलेन्सर तडकेल, आणि नीडल गळत असेल तर पेट्रोलला अडवणारं शेवटचं दारही गेलं.

कार्ब्युरेटर साफ करणं

इथवर सगळं ठीक निघालं आणि इंजिन फक्त चोकवर चालतंय, किंवा चोकशिवाय चालताना त्याचा वेग सतत वरखाली होतोय, तर जेट चोंदलेले आहेत. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की वेग उतरतो, गव्हर्नर (वेग स्थिर ठेवणारी यंत्रणा) थ्रॉटल उघडतो, वेग वाढतो, गव्हर्नर पुन्हा बंद करतो. हा झोका पाहून गव्हर्नरची स्प्रिंग वाकवायला जाऊ नका, तिचा यात काहीही दोष नाही.

पेट्रोलमध्ये घालायचा क्लीनर, उदाहरणार्थ सी फोम गॅलनला दोन औंस, हलक्या चिकटपणावर चालतो. इंजिन दहा मिनिटं तरी टिकत असेल तर तसं चालवून रात्रभर ठेवून बघायला हरकत नाही. जेट पूर्ण बंद असेल तर मात्र औषध त्यातून जाणारच नाही, तिथे हात घालावाच लागतो.

इंजिन गार असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि प्लगची टोपी काढा. तोटी बंद करा. तोटी नसेल तर नळी चिमट्याने दाबा, पण चिमट्याच्या दातांना कापड गुंडाळून. काहीही सोडवण्याआधी गव्हर्नरच्या सळया आणि स्प्रिंगा कोणत्या भोकात आहेत त्याचे फोनवर दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या. सारखी दिसणारी भोकं शेजारी शेजारी असतात आणि चुकीच्या भोकात स्प्रिंग गेली की वेग बिघडतो. पुष्कळदा कार्ब्युरेटर काढावा लागत नाही, नुसता बाऊल खाली उतरवला तरी मुख्य जेटपर्यंत हात पोचतो.

बाऊलमधलं पेट्रोल कपात घ्या आणि त्याकडे नीट पाहा. पाण्याचे थेंब तळाशी मण्यांसारखे पळताना दिसतील. हिरवट-तपकिरी चिकटा निघण्यासारखा असतो. पण बाऊलमध्ये आणि आतल्या वाटांत ॲल्युमिनियमची पांढरी पावडर, खडबडीत पुटं दिसली तर तो कार्ब्युरेटर गंजला आहे. त्याच्यावर संध्याकाळ घालवू नका, बदलून टाका. नवीन मागवताना मोअरचा नव्हे तर इंजिनाचा नंबर लागतो. ब्रिग्जच्या इंजिनावर तो मॉडेल, टाइप आणि कोड अशा तीन भागांत ठोकलेला असतो, आणि तिन्ही जुळले पाहिजेत. एकाच मॉडेलच्या इंजिनांना टाइपप्रमाणे वेगळे कार्ब्युरेटर असतात.

फ्लोटची पिन सरकवून फ्लोट आणि नीडल खाली घ्या. नीडलच्या टोकाला गोल चर पडला असेल तर ती गळणार. मधल्या खांबातला मुख्य जेट खाचेत घट्ट बसणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरनेच काढा; पितळ मऊ असतं, खाच एकदा उडाली की जेट निघत नाही. तो उजेडाकडे धरा. पूर्ण गोल, कडा स्वच्छ असं भोक दिसलं पाहिजे. नुसता ‘उजेड दिसतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. भोक जेमतेम मिलीमीटरभराचं, त्याच्या कडेला थर साचला तरी उजेड दिसतोच आणि पेट्रोल मात्र निम्मंच जातं. जेटच्या मागे बाजूला भोकं असलेली नळी असते, तिची सगळी भोकं मोकळी करा. कमी वेगासाठीचा जेट मुख्य जेटहून बराच बारीक असतो, आणि सर्वांत आधी तोच बंद होतो. मुख्य जेट साफ केला तरी वेग वरखाली होत राहतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हा राहून गेलेला जेट.

भोकं साफ करायला विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्या. ड्रिल, पिन, सुई नको. भोक किंचित रुंदावलं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. मग डोळ्यांना गॉगल लावून प्रत्येक वाटेत क्लीनर मारा आणि तो पलीकडून सरळ बाहेर येतो की नाही ते बघा. बाहेर येत नाही ती वाट अजून बंद आहे. शेवटी दाबाची हवा. रबराच्या रिंगा आणि गॅस्केट यांना क्लीनर लागू देऊ नका, ते फुगतात आणि बाऊलच्या खाचेत पुन्हा बसत नाहीत. बाऊलचं नवीन गॅस्केट आधीच आणून ठेवलेलं बरं.

जोडल्यावर इंजिन चालू असताना कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यावर अगदी थोडा क्लीनर मारा, गरम सायलेन्सरपासून लांब. वेग बदलला तर त्या सांध्यातून हवा शिरते आहे; गॅस्केट बदला, बोल्ट सारखे आवळा.

वीस मिनिटांनी पडत असेल तर

बंद पडताक्षणी टाकीचं झाकण सैल करा. सुस्कारा ऐकू आला आणि इंजिन लगेच सुरू झालं, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे. टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. धुऊन मोकळं होत नसेल तर झाकण बदला.

झाकण ठीक असेल तर बंद पडताच, इंजिन गरम असतानाच, स्पार्क टेस्टर लावा. गार झाल्यावर ठिणगी परत येते आणि पुरावा जातो. ठिणगी नसेल तर आधी ब्लोअरचं आवरण काढून पंखे साफ करा, मग कॉइलकडे वळा. कॉइलला जाणारी इंजिन बंद करायची वायर काढून पुन्हा पाहा. ठिणगी आली तर कॉइल निर्दोष, ती वायर कुठे तरी उघडी पडून इंजिनाच्या किंवा मोअरच्या धातूला टेकते आहे. तिथे उंदराने काम केलेलं असतं. तरीही ठिणगी नसेल तर कॉइल बदला. ब्रिग्जच्या बहुतेक कॉइलचं फ्लायव्हीलपासूनचं अंतर ०.०१० ते ०.०१४ इंच असतं. फ्लायव्हीलच्या चुंबकावर ओलीने गंज आला असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या.

पातं जोडल्यावर, पाय काढल्यावर

रिव्हर्समध्ये पातं चालू असताना इंजिन बंद पडणं हा पुष्कळ मोअरमध्ये बिघाड नसून रचनाच आहे. पण पुढे जातानाही पडत असेल, तर सीटखालचा स्विच. हिवाळ्यातल्या ओलीने त्याच्या पिनांवर हिरवा गंज चढतो. प्लग काढा, पिना साफ करा, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा आणि सीटवर दाब देऊन मल्टीमीटरने स्विच उघडतो-मिटतो का ते बघा. खडबडीत जमिनीवर, बसलेली व्यक्ती किंचित उचलली गेली की पडत असेल, तरी रोख याच स्विचकडे. तो वायरने जोडून कायमचा बाद करू नका. चालत्या पात्याच्या मोअरवरून माणूस पडला तर इंजिन थांबवणारी तेवढी एकच वस्तू आहे, आणि अंगणात मुलं असतात.

पातं जोडताच इंजिन मंदावून पडत असेल तर बॅटरीचे व्होल्ट मोजा. बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ दाखवते, आणि पूर्ण थ्रॉटलवर चालताना १३.५ ते १४.५ दिसले पाहिजेत. चार्जिंग होत नसेल तर पात्याचा विजेवरचा क्लच उरलेली वीज ओढून घेतो, सोलेनॉइडला धरून ठेवण्याइतके व्होल्ट राहत नाहीत आणि पेट्रोल बंद होतं. लक्षण पेट्रोलचं, कारण चार्जिंगचं. इथे चांगले कार्ब्युरेटर फुकट बदलले जातात.

येत्या नोव्हेंबरात

शेवटची कापणी झाली की ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घाला. स्टॅबिलचं प्रमाण अडीच गॅलनला एक औंस आहे. जुन्या पेट्रोलमध्ये घालून उपयोग नाही, तो बिघडणं लांबवतो, बिघडलेलं सुधारत नाही. घातल्यावर दहा मिनिटं इंजिन चालवा, नाही तर औषध टाकीत राहतं आणि कार्ब्युरेटरमध्ये जुनंच पेट्रोल. मग तोटी बंद करून इंजिन आपोआप पडेपर्यंत चालू ठेवा. टाकी भरलेली आणि बाऊल कोरडा, ही जोडी मला नुसत्या रिकाम्या टाकीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. तोटी नसेल तर नळीत एक बसवून घ्या. जवळपास इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल, मरिनावर बऱ्याचदा मिळतं, तर वर्षातली ती शेवटची टाकी तरी त्याची भरा. बॅटरी काढून मेंटेनरवर (तिला भरलेली ठेवणाऱ्या छोट्या चार्जरवर) ठेवा, आणि बियांच्या पिशव्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, मोअरपासून लांब.